जालिंदरचा प्रोग्राम आणि हौसाक्काचा मांडव

एक गाव होतं आणि त्या गावात प्रोग्रामर एकच होता. त्याचं नाव जालिंदर मेंगडे. गावात गवंडी चार होते, शिंपी तीन होते, त्यामुळे त्यांना एकमेकांच्या चुका काढता येत. जालिंदरची चूक काढणारं मात्र कोणी नव्हतं. सहा वर्षं शहरात नोकरी करून तो गावी परतला होता आणि C नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहीत असे. ही भाषा माणसांशी बोलायची नसते, कॉम्प्युटरला कामं सांगायची असते. जालिंदर मात्र माणसांशीही त्याच तोऱ्यात बोले.

तसा माणूस वाईट नव्हता. हुशार होता, कामसू होता, कोणी हाक मारली तर धावून जाई. खोड एकच होती. जे आपल्या लॅपटॉपवर चाललं ते साऱ्या जगात चाललं, असं त्याला मनापासून वाटे. त्याच्या घरचं घड्याळ आणि देवळातलं घड्याळ यांत चार मिनिटांचा फरक होता. देऊळ मागं आहे, असं त्यानं पुजाऱ्याला दोनदा समजावून सांगितलं होतं.

या गावाला पाटाचं पाणी होतं. पाटाच्या दारातून एक चारी निघे आणि त्या चारीनं ठरल्या पाळीनं एकेकाच्या वावरात पाणी जाई. आज कोणाची पाळी, उद्या कोणाची, हे पाणीवापर संस्थेच्या पाळीपत्रकात लिहिलेलं असे. पाटाचं दार उघडायचं आणि लावायचं काम शिदूनाना पाटकऱ्यांचं. ते गावापासून तीन किलोमीटरवर, चढावर, दाराशेजारच्या खोलीत राहत. कागदावर लिहिलं असेल तेच ते करत. तेहतीस वर्षांत त्यांनी कोणाचं पाणी दहा मिनिटंसुद्धा पुढंमागं केलं नव्हतं. गावात भावाभावांत विश्वास नसे, पण शिदूनानांवर सगळ्यांचा असे.

जानेवारीत संस्थेनं ठरवलं की पाळीपत्रक आता कॉम्प्युटरवर ठेवायचं. एक नवा कॉम्प्युटर गावातल्या ऑफिसात बसवला. दुसरा शिदूनानांच्या खोलीत हवा होता, तर एका सभासदानं आपल्या माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर देणगी म्हणून दिला. त्याच्यावर कोंबडी उबवायला बसत असे, पण पुसल्यावर तो चालू झाला. दोन्ही जोडून द्यायचं काम अर्थातच जालिंदरकडे आलं.

जालिंदरनं आठ दिवसांत प्रोग्राम लिहिला. त्याचा नियम सोपा होता. पाळीपत्रकाची फाईल दोन्हीकडे राहणार. बदल कुठंही करा. रोज दुपारी बारा वाजता प्रोग्राम दोन्ही फाईलींच्या वेळा बघणार, नंतर लिहिलेली असेल ती ठेवणार आणि आधीची पुसून टाकणार. मग उद्याचा कागद ऑफिसात छापून येणार आणि शिदूनाना सायकलवरून येऊन तो घेऊन जाणार.

पहिला कागद छापून आला त्यावर सन एकशे चोवीस आणि महिना शून्य होता. C भाषा वर्षं एकोणीसशेपासून पुढं मोजते आणि महिने शून्यापासून, हे जालिंदर घाईत विसरला होता. शिदूनानांनी चष्मा पुसून तो कागद तीनदा वाचला.

"सायेब, शून्य महिन्यात पाणी कुनाला सोडू?" त्यांनी विचारलं.

जालिंदरनं ती चूक दहा मिनिटांत सुधारली. मग मात्र वेळेच्या बाबतीत आता आपल्याला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही, असं त्यानं धरून टाकलं. माणूस एक खड्डा चुकवतो आणि रस्ता संपला असं समजतो, त्यातलाच हा प्रकार.

पण खरा खड्डा पुढंच होता. C भाषेत फाईलची वेळ विचारली की बहुतेक ठिकाणी एक भलामोठा आकडा मिळतो. तो कुठून मोजायला सुरुवात केली आणि कशात मोजला, हे भाषा सांगत नाही. ज्या कॉम्प्युटरचा आकडा, त्यानंच त्याचा अर्थ लावावा, एवढंच तिचं म्हणणं. जालिंदरच्या पुस्तकात हे स्वच्छ लिहिलेलं होतं. ते पान त्यानं वाचलंही होतं. पण लॅपटॉपवर त्यानं दोन फोल्डर केले, एकाला ऑफिस नाव दिलं, दुसऱ्याला दार, आणि पंधरा वेळा प्रोग्राम चालवला. पंधराही वेळा तो बरोबर निघाला. निघणारच. दोन्ही फोल्डर एकाच लॅपटॉपचे, घड्याळही एकच. नवरीकडचेही आपण आणि नवऱ्याकडचेही आपण असल्यावर रुसवेफुगवे व्हायचे कुठून?

ऑफिसातला नवा कॉम्प्युटर सगळ्या जगाला एकच असलेली वेळ मोजायचा आणि माणसाला दाखवताना तीत आपल्याकडचे साडेपाच तास मिळवायचा. माळ्यावरच्या कॉम्प्युटरला हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. भिंतीवर आठ वाजले की तो समजे, जगातच आठ वाजले. त्याची फाईल ऑफिसात गेली की तिच्या आठात आणखी साडेपाच मिसळत आणि तिची वेळ दुपारी दीडची दिसे.

हे पहिल्यांदा दिसलं ते शिदूनानांना. रोज सकाळी आठ वाजता ते पाटातल्या पाण्याची पातळी त्या फाईलमध्ये लिहीत. बारा वाजता ऑफिसात येऊन कागद घेत. कागदावर वर छापलेलं असे, शेवटचा बदल दुपारी दीड. चारपाच दिवस त्यांनी बघून घेतलं. मग एका दुपारी जालिंदर ऑफिसात सापडला तेव्हा त्यांनी विचारलं.

"सायेब, म्या लिवतोय आठला. ह्यो कागुद म्हनतोय दीडला. आन् आत्ता तर बाराच वाजल्यात. दीड वाजायचाय अजून."

एवढं ऐकल्यावर एखादा जागचा उठला असता. अजून न उजाडलेल्या वेळेला लिहिलेली फाईल समोर होती. पण जालिंदर लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, "नाना, तुमचं घड्याळ मागं पडलं असेल."

शिदूनानांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन्हीत बारा वाजून सात मिनिटं झाली होती.

"आमच्याकडं बरोबर येतंय नव्हं?" जालिंदर म्हणाला. "मी पंधरा वेळा तपासलंय."

"तुमच्याकडं येत आसंल," शिदूनाना म्हणाले आणि सायकलला टांग मारून गेले.

दीड महिना काही बिघडलं नाही, कारण त्या दीड महिन्यात सगळे बदल शिदूनानांच्याच खोलीत झाले. त्यांची फाईल खरोखरच नंतरची असे, म्हणून जिंकायची तीच जिंके. प्रोग्राम चुकीचाच होता, पण उत्तर बरोबर येत होतं. जालिंदर गावभर छाती काढून हिंडत होता. संस्थेनं त्याला नारळ आणि टॉवेल दिला. मला विचाराल तर तो टॉवेल घाईत दिला गेला.

मग हौसाक्काच्या लेकीचं लग्न आलं. हौसाक्काचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. एकुलती एक लेक रोहिणी, आणि तिला स्थळ मोठ्या घरचं मिळालेलं. व्याही रामराव घोरपडे म्हणजे ताठ माणूस. पत्रिकेत आपल्या नावामागं 'श्रीमंत' लिहायचं राहिलं, म्हणून त्यानं आख्खा गठ्ठा परत पाठवला होता. सगळं नीट पार पडेपर्यंत हौसाक्काच्या जिवात जीव नव्हता.

लग्न शाळेच्या पटांगणात ठरलं होतं. पण आदल्या दिवशी सकाळी तिथं गुरांच्या लसीकरणाचं शिबिर लागलं आणि पटांगणात दोनशे म्हशी येऊन उभ्या राहिल्या. हौसाक्काचं हरभरा काढलेलं वावर मोकळं होतं. पण नेमकी दुसऱ्या दिवशी अकराची पाण्याची पाळी तिचीच होती. ती तडक ऑफिसात आली. तेव्हा अकरा वाजत होते आणि जालिंदर तिथंच बसला होता.

"जालिंदरा, पटांगनात म्हसरं आली," ती म्हणाली. "मांडव वावरात घालतोय. उद्याचं माझं पानी फुडच्याला दे बाबा."

जालिंदरनं तिच्यासमोर फाईल उघडली, तिचं नाव खोडलं, पुढच्या शेतकऱ्याचं घातलं आणि फाईल ठेवून दिली. "झालं, आक्का. उद्या तुमच्या वावरात थेंब येणार नाही."

"नक्की न्हवं? मंग पोरं मांडवाच्या मेढी रोवायला लागतील."

"लागू देत. माझा शब्द आहे."

शब्दावर शिक्का म्हणून त्यानं हाच बदल लॅपटॉपवरच्या दोन फोल्डरमध्ये करून बघितला. पाणी पुढच्या वावरात गेलं, हौसाक्काचं कोरडं राहिलं. समाधानानं तो जेवायला घरी गेला.

बारा वाजले. प्रोग्राम जागा झाला. त्यानं दोन फाईली बघितल्या. ऑफिसातली अकराची होती. शिदूनानांची सकाळी आठची होती, पण ती दिसत होती दीडची. दीड हा अकरानंतर येतो, एवढं गणित प्रोग्रामला येत होतं. त्यानं हौसाक्काचा बदल पुसून टाकला आणि कागद छापला. शिदूनाना आले, कागद घडी करून खिशात घातला आणि चढ चढून गेले. उद्या अकरा, हौसाबाई, असं त्यावर लिहिलं होतं. हौसाक्काकडं लग्न आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण लग्न पटांगणात होतं. वावर मोकळंच आहे तर भिजवून घेत असेल, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मांडव झकास दिसत होता. मुहूर्त बारा सत्तावीसचा. व्याही रामराव गुलाबी फेटा बांधून पहिल्या रांगेत बसले होते. जालिंदरही पहिल्या रांगेत होता, मांडीवर लॅपटॉपची बॅग. शेजारच्याला तो सांगत होता की आज इथं पाण्याची पाळी होती, पण दोन बोटांनी वळवली.

भटजींनी अंतरपाट धरायला लावला. पहिलं मंगलाष्टक झालं. दुसरं चालू असताना मागच्या बायका एकदम उभ्या राहिल्या. मग त्यांच्या पुढच्या उभ्या राहिल्या. पाहुण्यांना वाटलं, अक्षता टाकायला उठल्या. मग सतरंजी हलायला लागली. बुंदीची एक परात आचाऱ्याकडून निघाली आणि सावकाश नवरदेवाकडच्या मंडळींकडे आली. भटजींनी सावधान म्हटलं तेव्हा पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं होतं.

पाण्याच्या मागोमाग चालत, खांद्यावर खोरं टाकून, शिदूनाना आले. पाणी कुठं फुटत नाही ना हे बघत चारीनं यायची त्यांची रीतच होती. मांडव बघून ते जागच्या जागी थिजले. तेहतीस वर्षांत त्यांनी कधी वऱ्हाडाला पाणी पाजलं नव्हतं.

रामराव उठले. चिखल त्यांच्या नव्या धोतरावर गुडघ्यापर्यंत उडाला होता. त्यांनी शिदूनानांचं मनगट धरलं.

"कुनी सांगितलं तुला पानी सोडायला? आमचं हसं करायला बोलावलं व्हय? चला रं, गाड्या काढा."

हौसाक्काचा चेहरा पांढरा पडला. अंतरपाटाच्या अलीकडं रोहिणी हार हातात घेऊन उभी होती आणि पलीकडचा नवरदेव बापाकडं बघत होता. शिदूनानांनी खिशातून कागद काढला आणि पुढं केला.

सगळ्यांचे डोळे जालिंदरकडं वळले. जालिंदर खुर्चीवर चढला. बॅगेतून लॅपटॉप काढला, उघडला, प्रोग्राम चालवला. त्याचा चेहरा उजळला. त्यानं लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा फिरवला.

"हे बघा," तो म्हणाला. "माझ्याकडं हे वावर कोरडं आहे."

तेवढ्यात त्याच्या खुर्चीखालून त्याचीच चप्पल वाहत गेली.

हौसाक्का पाण्यातून चालत त्याच्यासमोर आली. ती ओरडली नाही. तिनं लॅपटॉपच्या पडद्याकडं नीट बघितलं, मग जालिंदरकडं बघितलं.

"मंग माझ्या लेकीला तुझ्या कॉम्प्युटरात हुबी करू का रं?" तिनं विचारलं.

जालिंदरला सुटायची वाट मोकळी होती. कागद शिदूनानांच्या हातात होता, पाणी शिदूनानांनी सोडलं होतं, आणि म्हाताऱ्याचं काहीतरी चुकलं म्हटलं असतं तर अर्ध्या मांडवानं मान डोलावली असती. त्यानं शिदूनानांच्या हातातल्या कागदाकडं बघितलं. त्याला एकदम आठवलं की या माणसानं आपल्याला विचारलं होतं, आणि आपण मानसुद्धा वर केली नव्हती. त्याला फार लाज वाटली. चारशे माणसांसमोर वाटली, म्हणून ती नीट लागली.

त्यानं लॅपटॉप मिटला.

"शिदूनानांची चूक नाही," तो म्हणाला. "त्यांनी कागदाप्रमाणं केलं. कागद माझ्या प्रोग्रामनं चुकवला. वेळ चुकतीय हे नानांनी मला आधीच सांगितलं होतं आणि मी त्यांचंच घड्याळ चुकीचं ठरवलं. चूक माझी आहे."

एवढं बोलून तो खुर्चीवरून पाण्यात उतरला, नव्या पँटचे पाय वर दुमडले आणि शिदूनानांच्या खांद्यावरचं खोरं घेऊन चारीच्या तोंडाशी गेला. तिथं तो माती ओढून बांध घालायला लागला. शहरात सहा वर्षं काढलेल्या माणसाचा बांध होता तो. एकीकडून घालत होता आणि दुसरीकडून वाहून जात होता.

रामराव गाडीकडं निघालेले थांबले. थोडा वेळ त्यांनी बघितलं. रागावलेले होते तरी मूळचे शेतकरी होते, आणि असला बांध शेतकऱ्याला बघवत नाही.

"आरं, आसा घालत्यात व्हय बांध? आन हिकडं ते खोरं."

गुलाबी फेटा तसाच ठेवून ते चारीत उतरले. चार खोऱ्यांत त्यांनी तोंड बंद केलं, शिदूनानांनी चारीतली खालची मातीची आड फोडून पाणी पुढच्या वावरात काढून दिलं आणि जालिंदर दोघांना माती देत राहिला. मांडवातलं पाणी मात्र लगेच ओसरणार नव्हतं आणि मुहूर्त टळत होता. मग पोरांनी पाहुण्यांना आणलेली ट्रॅक्टरची ट्रॉली ढकलत आत आणली. नवरानवरी ट्रॉलीत चढली, भटजींना दोघांनी उचलून वर ठेवलं आणि राहिलेली मंगलाष्टकं तिथं झाली. अक्षता सगळ्यांनी खालून वर फेकल्या. रामरावांनी चारीत उभं राहूनच फेकल्या आणि चिखलाच्या हातानं डोळे पुसले.

जेवणं झाल्यावर हौसाक्का ताट घेऊन चारीवर आली. जालिंदर अजून तिथंच बसला होता. तिनं ताट पुढं ठेवलं.

"जेव," ती म्हणाली. "चुकलास ते चुकलास. पन नानावर न्हाई ढकललंस."

जेवून जालिंदर तसाच ओल्या कपड्यांनी शिदूनानांबरोबर चढ चढून त्यांच्या खोलीवर गेला. दीड महिन्यात तो पहिल्यांदा त्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसला. तू वेळ कुठून मोजतोस, हे त्यानं त्याला आज पहिल्यांदा विचारलं, आणि घटकाभरात सगळा घोळ त्याच्या ध्यानात आला. त्यानं त्या कॉम्प्युटरला सांगितलं की तू जगाच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढं आहेस. मग प्रोग्राम बदलला. आता कोणी कोणाला नुसता आकडा पाठवायचा नाही. ज्याची वेळ त्यानंच ती उलगडायची आणि जगाच्या वेळेत वर्ष, महिना, दिवस, तास अशी अक्षरी लिहून पाठवायची. जुना कॉम्प्युटर वेळ दोन-दोन सेकंदांनी लिहितो हेही त्याला कळलं, म्हणून तेवढ्या फरकावरून एकाला नवं आणि दुसऱ्याला जुनं ठरवायचं नाही. आणि दोन्हीकडं बदल झालेला दिसला तर काही पुसायचं नाही, थांबायचं आणि माणसाला विचारायचं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. संस्थेचे सेक्रेटरी मागं येऊन उभे राहिले.

"झालं का बरोबर?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडं झालंय," जालिंदर म्हणाला. "शिदूनानांच्याकडं बघून येतो, मग सांगतो."

आणि भर उन्हात सायकल काढून तो तीन किलोमीटरचा चढ चढायला लागला.

तात्पर्य: आपल्या घरी बरोबर निघालं म्हणजे सगळीकडं बरोबर असतंच असं नाही, दुसऱ्याची वेळ चुकीची म्हणण्याआधी तो ती कुठून मोजतो, हे त्याच्या दारी जाऊन विचारावं.